सुंदराबाईची चौथी सीतादही

हिंगणघाटच्या बाहेर, हैदराबादच्या हायवेला लागून, ऑनलाइन मागवलेल्या पार्सलांचं गोदाम आहे. तिथल्या बायांची मुकादम सुंदरा कुमरे. कंपनीच्या कागदात ती 'टीम लीडर' आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघत नाही. तिचा आवाज असा, की फोर्कलिफ्टचा हॉर्न बिघडला तेव्हा तो दुरुस्त करायची गरज कुणालाच वाटली नाही.

दिवाळी जवळ आली की गोदामात पार्सलांचे डोंगर होतात, आणि नेमका तेव्हाच शिवारात कापूस फुटतो. मग बाया एकेक करून गायब. कारण एकच, सीतादही. पहिल्या वेचणीला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पूजा करून वावरात दहीभात शिंपतात. त्या रजेला नाही म्हणायची कुणाची छाती? पण यंदा सुंदराबाईने चौथ्यांदा सीतादही सांगितली, तेव्हा मॅनेजर प्रफुल वैतागला.

"बाई, तुमच्याकडे वावर तरी आहे का?"

"नाई जी. म्हून तं चार झाल्या. सोताचं असतं तं एकच झाली असती."

प्रफुल इथल्याच पिपरी मेघे गावचा पोरगा, त्याला सगळं कळत होतं. पण पुण्याहून वरच्या साहेबाचा फोन सारखा वाजत होता. त्याने दारावर नोटीस चिकटवली: 'सणाच्या सीझनमध्ये रजा नाही. गैरहजर राहणाऱ्याचं नाव कमी करण्यात येईल. दहीभाताचं कारण सांगू नये.'

सुंदराबाईला वाचता येतं. तरी तिने पार्सलं बांधणाऱ्या रीताकडून ती दोनदा मोठ्याने वाचून घेतली, सगळ्या गोदामाला ऐकू जावी म्हणून.

"साहेब, सीझन काय तुमचाच हाये? कापसाले नाई? त्याले सांगा ना, दिवाळी झाल्यावर फुटजो म्हना!"

"नावं कापली जातील, बाई."

"पयले माह्यं कापा. मंग शोभाबाईचं. ते म्हातारी हाये, तिले सगळ्याचीच घाई असते."

शोभाबाईने जोरात मान डोलावली. याचा अर्थ तिला काही ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही. प्रफुलही काही कमी नव्हता. त्याने नागपूरच्या ठेकेदाराकडून बसभर माणसं मागवली. बस निघाली, आणि गोदाम जवळ आलेलं असताना ढाब्यावर चहाला थांबली. कापूस फुटलेला, वेचायला माणूस नाही, आणि समोर रिकाम्या हातांनी भरलेली बस! ताराचंद नावाचा शेतकरी तिथेच चहा पीत होता. तो आत चढला, संध्याकाळी मटणाचं जेवण कबूल केलं आणि सगळ्यांना उतरवून वावरात नेलं. गोदामाच्या फाटकाशी पोचला तो ड्रायव्हर, आणि मागच्या सीटवर झोपलेला एक इसम. त्याने डोळे चोळत प्रफुलला विचारलं, "कापूस कुठं हाये, भाऊ?"

ड्रायव्हरला पत्ता विचारून प्रफुल ताराचंदच्या वावरात गेला. पोटाशी ओटी बांधून सुंदराबाई दोन्ही हातांनी वेचत होती, आणि शेजारच्या तासातल्या नागपूरकरांवर ओरडत होती, "अबे, कापूस वेचा! पाला काऊन भरून राह्यले?" मुकादमकी तिने इथेही बसवली होती.

"चला बाई, गाड्या उभ्या आहेत."

"नावं कापले का?"

"नाही कापली."

"अन् तो कागद?"

प्रफुलने खिशातून नोटीस काढली. ती घडी करून सोबतच आणली होती, म्हणजे हरायची तयारी घरूनच झालेली होती. त्याने ती सगळ्यांसमोर फाडली.

"आता ऐका," सुंदराबाई म्हणाली. "सकाळ कापसाची, दुपारपासून तुमची. इथूनच गाडी लावा. अन् एकीचंबी नाव गेलं, तं आम्ही कोनीच नाई."

"पण पुण्याला काय सांगू?"

"सांगा, सीतादही हाये. नाई समजलं तं मले फोन देजो."

तो आवाज पुण्याच्या कानात शिरतानाचं दृश्य प्रफुलच्या डोळ्यांपुढे आलं. त्याने लगेच मान्य केलं.

दिवाळीपर्यंत बाया वावरातून थेट गोदामात येत राहिल्या, केसांत आणि पदराला कापूस घेऊन. पार्सलं निघाली, नाव कुणाचंच गेलं नाही. एक तक्रार मात्र आली. हैदराबादच्या कुणा गिऱ्हाइकाच्या खोक्याला चिकटपट्टीखाली कापूस सापडला होता.

"त्याले म्हना," सुंदराबाई म्हणाली, "फुकट देला. वापस मागत नाई."