आभाळ आलं की गाड्या थांबायच्या

माझ्या बापाच्या पायांना बारा महिने भेगा असायच्या. खाडीकाठी दुसऱ्याच्या मिठागरात तो कामाला होता, मजुरी पिकलेल्या मिठाच्या मापावर. दिवाळी झाली की खाऱ्या पाण्यात उतरायचा, तो पार पाऊस तोंडावर येईपर्यंत. पावसाळ्यात मिठागर बंद, मग मिळेल त्याच्या शेतावर लावणी. आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खारट जमिनीत, उन्हाळ्यात गोडं पाणी नाही. आई आणि मोठी बहीण हंडे घेऊन दुसऱ्या गावच्या विहिरीवर जायच्या. बहिणीची शाळा सातवीत सुटली ती त्या हंड्यांपायी. माझी राहिली, कारण मी लहान होते आणि मला हंडा झेपत नव्हता. झेपायला लागला तोवर मी दहावी पास झाले होते आणि कुणाचं ऐकत नव्हते.

नव्वदच्या सुमाराला मुंबईच्या गाड्या समुद्रावर जायला लागल्या. पेणच्या पुढे अलिबागचा रस्ता फुटतो, तिथे आईने चार बांबू रोवून ताडपत्री बांधली. चहा, कोकम सरबत, कांदाभजी, पोह्याचे पापड. मी पेणच्या कॉलेजात जायचे आणि शनिवार-रविवार तिथे उभी असायचे. पाय दुखून दुखून बधिर व्हायचे.

समुद्र तिथून दिसत नाही. पण समुद्रावर जाणारी माणसं आभाळ बघून कशी बदलतात ते मला त्या फाट्यावर पाठ झालं. कडक ऊन असलं की ती थांबतच नाहीत. गाडी चालती असली की वारा लागतो, थांबली की भट्टी. संध्याकाळी परत येतात ती नाकं लाल करून, नवरा-बायको एकमेकांशी न बोलता. सरबत पितात आणि निघतात. थंडीत थांबतात, पण एका चहावर बसून राहतात. वारा सुटला की डोळ्यांत वाळू घेऊन लवकर परततात आणि त्याचा राग पापडाच्या भावावर काढतात. आणि आभाळ भरून आलं, की सगळी खाली उतरणार. आळस देणार, खाडीचे फोटो काढणार, वर बघून म्हणणार, "काय मस्त वातावरण झालंय!" मग भजी पुरायची नाहीत.

एकाने आईला विचारलं होतं, "मावशी, समुद्रावर पाऊस असेल का हो?"

आई म्हणाली, "समुद्राला इचारा. मी फाट्यावर बसते."

घरात भांडण होतं ते यावरूनच. मिठाला ऊन आणि वारा लागतो, म्हणजे मीठ चांगलं पिकायचं त्या दिवशी टपरी रिकामी. आणि टपरीवर गर्दी उडाली की समजायचं, तिकडे बाप तोंड पाडून आभाळाकडे बघतोय. तो टपरीवर कधी फिरकायचा नाही. "मी मिठाचा माणूस. लोकांना कप देत फिरणार नाय," म्हणायचा. आई म्हणायची, "नका फिरू. पण भाकर कुटली खाताव ते तरी बघा."

माझं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेचं केंद्र रोह्याला आलं. बहीण तिथेच वरसे गावात दिली होती, मेहुणे कंपनीत शिफ्टला जायचे. रविवारी संध्याकाळच्या रेल्वेगाडीने तिच्याकडे जायचं आणि सोमवारी पेपर द्यायचा, असं ठरलं होतं. ती गाडी चुकली की पेपर चुकला. सकाळी निघून वेळेत पोचायची सोय नव्हती.

त्या रविवारी दुपारी अवकाळी पाऊस आला. एप्रिल महिना, मिठाच्या राशी उघड्याच होत्या. आणि इकडे समुद्रावरच्या सगळ्या गाड्या एकदम परत फिरल्या. ओले टॉवेल, पायाला वाळू, कुडकुडणारी पोरं, सगळी आमच्या ताडपत्रीखाली. आई तळत होती, मी चहा देत होते.

"आई, मी निघते."

"येवढा एक घाणा होऊ दे गो."

तो झाला की दुसरा. ती मला फसवत नव्हती. तिच्या एकटीने ते होण्यासारखं नव्हतं, आणि मीठ गेल्यावर घरात येणार होतं ते एवढंच. मला हे समजत होतं, म्हणून पिशवी खांद्याला लावूनसुद्धा पाय निघत नव्हता. पुन्हा वर्षभर थांबायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आमच्याकडे वर्षभर कुणी थांबत नाही, लग्न लावतात.

तेवढ्यात बाप आला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगातून पाणी गळतंय. काही झाकता आलं नव्हतं, हे त्याच्याकडे बघूनच कळलं.

भजी खाणारा एक जण खुशीत म्हणाला, "काका, काय झकास पाऊस झाला हो!"

मला वाटलं, आता शिवी देतो. बापाने तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "झाला." पिंपातलं पाणी घेऊन हात धुतले आणि माझ्या हातातली किटली घेतली.

"गाडी कदी हाय तुजी?"

"आताच."

"मग उबी कशाला?"

आईने झारा थांबवला. "तुमाला च्या येतो का करायला?"

"पानी उकळायला काय शिकाय लागतं?"

लोक हसले. तो हसला नाही. कप मोजत नव्हता, कुणाला किती दिले ते बघत नव्हता, समोर हात येईल त्याला चहा देत होता. मी एका टेम्पोला हात करून पेण स्टेशन गाठलं. गाडीत बसायला जागा मिळाली आणि लगेच डोळा लागला. रोह्याला उतरले तर बहीण फलाटावर छत्री घेऊन उभी होती. म्हणाली, "केसांना तेलाचा वास येतोय गो तुज्या. आंघोळ कर, मग अभ्यास."

अभ्यास फार झाला नाही. पेपर मात्र सगळे दिले.

मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली.