सोडियमची रस्सीखेच

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईलाही नाही. तुमच्यापाशीच पहिल्यांदा तोंड उघडतेय. पण आधी ती गंमत ऐका — ती आठवली की अजूनही माझा पाय जमिनीवर ठरत नाही!

मी परंड्यात विज्ञान शिकवते. आयन हा माझा हातखंडा धडा. सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि धन होतो — इथं दरवर्षी अख्खा वर्ग अडतो. दिल्यावर तर कमी व्हायला हवं ना? मग 'अधिक' कसा? मी काय करते, माहितीये? दोन्ही तुकड्यांना सरळ मैदानात नेते. दोरखंडाच्या एका टोकाला अकरा प्रोटॉन, दुसऱ्याला अकरा इलेक्ट्रॉन. ओढा! दोर जागचा हलत नाही. आता इलेक्ट्रॉनांतली एक पोरगी काढून घ्यायची — आणि दोर सर्रकन प्रोटॉनांकडं! ऋण कमी झालं, म्हणून धन जिंकलं. ती पोरगी धावत शेजारच्या क्लोरीनच्या दोराला लागते. तिथं सतरा विरुद्ध सतरा अशी बरोबरी असते, ती मोडते — तिकडं ऋण जिंकलं! झाले दोन आयन. आता ते एकमेकांना ओढणारच. मग मी प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवते.

दुसऱ्या शाळांतले शिक्षक हे बघायला येतात. वाहवा होते. आणि मला ती — आवडते. का नाही आवडणार?

पण युक्ती माझी नाही. शाहीनची आहे. मीठसुद्धा तिचंच.

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मला आयन काही केल्या कळेना, अगदी रडकुंडीला आले होते. तेव्हा तिनं अब्बांच्या टेम्पोतला दोर आणला, मधल्या सुट्टीत पोरी गोळा केल्या आणि मला हे दाखवलं. डोक्यात असा लख्ख उजेड पडला! आम्ही दोघी मैदानभर नाचलो होतो. पुढं तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तेच करून दाखवलं. पाहुणे खूश. म्हणाले, "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" शाहीन शेजारीच दोर गुंडाळत होती. ती मान वर करायच्या आत मी म्हणाले — "माझ्या."

का? कुणी दटावलं होतं? नाही. मला ते हवं होतं. शाहीन एवढंच म्हणाली, "चल, गाडी सुटंल." त्यानंतर तिनं कधी विषय काढला नाही, आणि मी तर नाहीच नाही.

यंदा तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. गेल्या आठवड्यात दोर सोडून पळणारा इलेक्ट्रॉन तीच झाली होती. नंतर तळहातावरचं मीठ चाटत, धापा टाकत माझ्याकडं आली.

"मॅडम, अम्मी म्हणती, ही रस्सीखेच तुमीच काढली. तिला बी तुमीच शिकवली म्हणं. व्हय का?"

दोर माझ्या हातात होता. सगळ्या पोरी बघत होत्या.

"व्हय," म्हणाले मी.