चुलीखालची माती

"नातू पाच म्हयन्यांचा झाला, आन आजी अजून हितं माती उधळतीया. अशानं त्यो वळखंल व्हय तुला?" गोन्बो मेमेनं आपल्या धाब्यावरनं टोमणा मारला. मेमे म्हणजे आजोबा. आमच्या गावात सगळे त्याला तसंच म्हणतात.

"त्याच्यापायीच उधळतीया," कुन्झेस म्हणाली आणि मूठभर माती गुडघाभर बर्फावर फेकली.

"दहा दिस थांब. आभाळाचा काय भरवसा?"

"तुमच्या हाडांत थंडी मुरलीया, मेमे. ऊन बगा की! नाक सोलून निगालंय माजं."

ऊन होतंच तसं. झांस्करात उन्हात तोंड भाजतं आणि सावलीतले पाय काकडतात. बर्फ आपणहून वितळायची वाट बघितली तर पेरा लांबतो आणि सप्टेंबरच्या हिवात जवाचं दुधातलं कणीस करपतं. म्हणून आम्ही पानगळीतच माती खणून खालच्या खोलीत भरून ठेवतो. एप्रिलात ती बर्फावर पसरली की काळ्या मातीला ऊन चावतं आणि शेत दोन-तीन आठवडे आधी उघडं पडतं. नंतर खणू म्हटलं तर जमीन लोखंडासारखी असते.

कुन्झेस नवऱ्यामागं एकटी. लेक लेहला दिलेली, हिवाळाभर बंद असलेल्या खिंडीपल्याड; नातू तिथंच. खिंड उघडते मेच्या मध्यावर, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गावाची गुरं वरच्या कुरणात न्यायची पाळी यंदा तिची. खाली गोन्बो तिच्या शेताला पाणी देणार, वर ती त्याची गुरं राखणार, असं ठरलेलं. तिथून उतरायचं ते कापणीला. मग पुन्हा बर्फ. म्हणजे खिंड उघडायच्या आत पेरा उरकला, तरच नातवाकडं जायला मधले पंधरा दिवस तिचे. म्हणून बाईनं एका दिवसात खोली झाडून माती शेतात ओतली. मूठभरसुद्धा मागं ठेवली नाही.

चौथ्या दिवशी आभाळ भरलं. वर्षात पाऊस आमच्याकडं चार चुकार थेंब. पण बर्फाला काय, पडायचं तर नेमकं तेव्हाच पडतं. सकाळी दार ढकललं तर ढकलेना. खिडकीतून बघितलं तर शेत पांढरंफेक. सगळी माती हातभर खाली गाडली गेली होती. समोर डोंगर, मागं डोंगर, आणि मध्ये ती.

बर्फ उपसून वाट काढली आणि गोन्बोकडं गेली.

"मेमे, पाच टोपल्या द्या."

"लोणी माग. माजा झो माग, नांगराला दितो," म्हातारा मान खाली घालून म्हणाला. "एप्रिलात माती मागू नगंस, पोरी. माजंबी शेत पांढरंच हाय."

त्याचं चुकलं नव्हतं. तिनंही दिली नसती.

दुपारी तिच्या दारातून धूळ येताना दिसली म्हणून गोन्बो धावत गेला. बघतो तर चूल बाजूला सरकवलेली आणि बाई कुदळीनं घराची जमीन उकरतेय. भिंतीशी बांधलेला तिचा झो, याक आणि गाईच्या संकराचा बैल, खड्ड्याकडं टकमक बघतोय.

"घर शेतात टाकतीस व्हय गं?"

"चुलीखालची हाय, सुकी. धुरानं काळी झालीया, ऊन चांगलं धरंल."

"आन निजायचं कुठं?"

"खड्ड्यात. वाऱ्याला आडोसा."

म्हातारा हसला नाही. टोपली धरून उभा राहिला. सातवी टोपली भरताना तिनं कुदळ टेकवली आणि बोटांवर दिवस मोजले. एकदा मोजले, परत मोजले. निम्मंच शेत झाकेल एवढी माती. आता पेरा मेच्या अखेरीला. खिंड उघडेल, गाड्या जातील-येतील, आणि ती झोमागं नांगर धरून असेल. मग गुरं.

"खिंड उघडली की तुमी डोळं दाखवाया लेहला जाणार न्हवं?"

"जाईन की."

"लेकीला सातू न्या. आन लोणी."

"आन काय सांगू?"

कुन्झेसनं कपाळावरची धूळ मनगटानं पुसली. "सांगा, बर्फ पडलं."

गोन्बो काही बोलायच्या बेतात होता. तिनं भरलेली टोपली त्याच्याकडं सरकवली.

"हुबं काय ऱ्हायलाय, मेमे? ऊन उतराय लागलंय. पाठीवर द्या."

टोपली पाठीवर घेऊन ती वाकून दारातून बाहेर पडली आणि शेताकडं चालू लागली.