कडूबाचं दबलेलं वावर

देऊळघाटाच्या पुढे ज्या शिवारातून नवा मोठा रस्ता गेला, तिथे कडूबाचं वावर आहे. सातबाऱ्यावर ते जिराईत शेती म्हणूनच लागलेलं आहे. प्रत्यक्षात त्यात कुत्र्याला पायाने उकरायलाही जागा सापडत नाही.

कडूबा शेतकऱ्याच्या घरचा खरा, पण त्याचं आयुष्य रस्त्यावर गेलं. मिसरूड फुटायच्या आधी गिट्टी फोडायला लागला, मग रोलरच्या मागे, मग दबाईचा मुकादम. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, परत पाणी, परत रोलर. टाचेने दाबून बघायचं. टाच रुतली तर काम झालं नाही, एवढंच त्याला कळायचं आणि एवढंच तो दुसऱ्याला सांगायचा. त्याच्या हाताखालची पोरं त्याला शिव्या घालत, पण त्याने दाबलेला रस्ता पावसात बसला असं कोणी म्हटलं नाही.

नव्या रस्त्याच्या कंत्राटदाराला काँक्रीटचा प्लांट बसवायला जागा हवी होती. त्याने एकाला एक लागून असलेली तीन वावरं भाड्याने घेतली: कडूबाचं, भागवतचं आणि सरस्वतीबाईचं. भागवत तरणा माणूस, ट्रॅक्टरवाला. सरस्वतीबाई एकटी, मुली नांदायला गेलेल्या. तिघांच्याही जमिनीची काळी माती खरवडून एका बाजूला ढीग लावला आणि खाली मुरूम टाकून दबाई सुरू झाली. दबाईला मुकादम म्हणून कडूबालाच घेतलं. घराजवळ काम, त्यात आपल्याच वावरात. तो खूश होता.

भरलेले डंपर उभे राहणार होते ते कडूबाच्याच वावरात. सुपरवायझर म्हणाला, पुरे झालं, पुढचं काम घ्या. कडूबाने टाच दाबून बघितली आणि म्हणाला, "नाही साहेब, अजून एक हात पाह्यजे. पावसाळ्यात गाडी रुतंन." आपलं वावर आहे म्हणून कमी दाबायचं, हे त्याच्या हातून होणारं नव्हतं. रोलर परत फिरला. मग प्लांट होता तोवर भरलेल्या गाड्या त्याच जागेवर उभ्या राहत गेल्या, आणि धुतलेल्या मिक्सरचं सिमेंटचं पाणी तिथेच मुरत गेलं.

रस्ता झाला, प्लांट गेला. जमीन होती तशी करून देऊ, असं ठरलं होतं. जाताना त्यांनी वरवर एक जेसीबी फिरवला, फोटो काढले आणि गेले. काळ्या मातीचा ढीग आधीच गेला होता. तो नव्या रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात, कण्हेरीच्या झाडांखाली पडला. कडूबाची बायको रुखमाबाई एसटीतून जाताना ती फुलं बघायची आणि शेजारणीला सांगायची, "पाह्य माय, आमच्या वावरात कसे फुलं लागले." शेजारीण हसायची. रुखमाबाई हसायची नाही.

नांदुऱ्याचा एक पाहुणा बांधावर उभा राहून म्हणाला होता, "काऊन हो, लढाई झाली का इथं?" दिसायला तसंच होतं. पांढरे पडलेले चट्टे, तेलाचे काळे डाग, जागोजागी लोखंडाचे तुकडे. पाऊस पडला की पाणी फरशीवर सांडल्यासारखं पसरायचं आणि बांधावरून निघून जायचं.

कडूबाचा मुलगा शिवम बुलढाण्याला बांधकामाचं सामान विकणाऱ्याकडे कामाला होता. त्याला त्या जागेवर सिमेंटच्या विटांचं मशीन टाकायचं होतं. रस्ता जवळ, जमीन टणक, आणखी काय पाहिजे. बापाने ऐकलं नाही तेव्हा त्याने स्वच्छ सांगितलं.

"बाबा, आवंदाच्या पावसाळ्यात तुमी तिथं काही उभं करून दाखवा. दिवाळीले पीक उभं असलं त ते वावर, मी तोंड उघडनार नाही. नसलं त मशीन येईन."

"बरं," कडूबा म्हणाला.

त्याच उन्हाळ्यात तिघांनी सावड धरली. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या वावरात राबायचं, उद्या माझ्या. ज्याचं वावर त्याच्याकडे जेवण, आणि ज्याचं वावर त्याचाच शब्द. दुसऱ्याने सल्ला द्यावा, पण एकदा वावरवाला बोलला की वाद घालायचा नाही. सावडीचा हा जुना कायदा आहे, आणि तो मोडला की सावड मोडते.

साधा नांगर त्या मुरमात चालत नव्हता. तो वरून घसरत जायचा. भागवतने गोकुळ लोहाराला गाठलं. गोकुळने भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे आणले, ते तापवून टोकाला वाकवले, धार काढली आणि एका जाड लोखंडी चौकटीला जोडले. पहिल्या दिवशी चौकट वाकली. त्याने मागून आडवी पट्टी मारली. मग पाटे निसटले, तेव्हा कडूबाने रोलरच्या कामात बघितलेली खीळ सुचवली. सरस्वतीबाई म्हणाली, नुसतं फोडून भागणार नाही, फोडलेल्या भेगेत लगेच गाळ आणि शेणखत गेलं पाहिजे, नाही तर पहिल्या पाण्याने भेग मिटते. आणि तूर पेरा, तिची मुळी खोल जाते, उरलेलं ती फोडील. असं चौघांच्या डोक्यातून ते काम उभं राहिलं. आधी खोल फोडायचं, मग गावच्या पाझर तलावातला गाळ आणि खत टाकायचं, मग तूर. भागवतच्या वावरात तसं केलं. त्याची जमीन कडेची होती, तिच्यावर फक्त मजुरांच्या झोपड्या होत्या. ती फुटली.

दुसरी पाळी कडूबाची. रुखमाबाईने भाकरी आणि झुणका करून आणला. भागवतने ट्रॅक्टर घातला, पाटे खाली सोडले, आणि बांधापासून थोडं अंतर गेल्यावर ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं गेलं. त्याने परत दम दिला. कडकन आवाज झाला आणि मधला पाटा तुटून पडला.

भागवत खाली उतरला. तुटका पाटा हातात घेऊन म्हणाला, "कडूबाजी, कोन केली हो इथली दबाई? त्याले पेढे द्या लागते."

"म्याच केली," कडूबा म्हणाला.

"मंग तुमीच खा पेढे."

सगळे हसले. कडूबाही हसला, पण त्याने ती जागा लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, मारून बघितली. सब्बल बोटभर गेली आणि थांबली. हात झिणझिणला.

गोकुळ म्हणाला, पाटा नव्याने करावा लागेल, जाड बघून आणावा लागेल, आठवडा तरी जाईल. इकडे आभाळ भरून यायला लागलं होतं. एकदा तलावात पाणी आलं की गाळ मिळणार नव्हता. आणि पाळी पुढे सरकली तर कडूबाला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागणार होतं. शिवमची दिवाळी तोवर थांबणार नव्हती.

कडूबा बांधावर उकिडवा बसला. मग उठून म्हणाला, "गाळ टाका. नांगर मागून मारू. पाटा आला की गाळासकट फोडू."

भागवतने सरस्वतीबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "कडूबा भाऊ, आंधी फोडा. खालून बंद राह्यलं त पानी जाईन कुठं?"

"पाटा येते ना आठ दिवसात."

"आन् पानी आंधी आलं त?"

"बाई, माह्यं वावर हाये."

 भागवत ट्रॉली आणायला गेला. सावडीत त्यापुढे बोलायचं नसतं. ट्रॉल्या येत राहिल्या, आणि कडूबा फावड्याने गाळ पसरत राहिला. त्याने तो इतका सारखा पसरला की वावर सारवल्यासारखं दिसायला लागलं. जेवायला तो सगळ्यांच्या शेवटी बसला.

पाटा आला त्याच्या आदल्या दिवशी पाऊस आला. दोन दिवस लागून पडला. गाळाचा चिखल झाला. भागवत ट्रॅक्टर घेऊन बांधापर्यंत आला, चाक आत घातलं आणि परत काढलं. "रुततो हो. वापसा होऊ द्या." जमीन सुकून वापसा झाला तोवर तुरीची पेरणी अंगावर आली होती. कडूबाने न फोडताच तूर पेरली.

तूर उगवली. पहिला महिनाभर तिच्यासारखी तूर शिवारात नव्हती. तलावाचा गाळ कसदार, पानं अशी हिरवीगार की भागवत रोज सकाळी येऊन म्हणायचा, "आमाले उगाच फोडाले लावलं हो तुमी." रुखमाबाईने कधी नव्हे ते वावरात डबा आणून तिथेच जेवण केलं. ती तुरीच्या ओळींमधून फिरली, निंदताना गुणगुणली. संध्याकाळी घरी शिवमला म्हणाली, "तुह्यं मशीन राहू दे आता बुलढाण्यालेच."  एका रविवारी शिवम स्वतः येऊन तूर बघून गेला. त्यालाही ती आवडली असावी, कारण जाताना त्याने बांधावरचं गाजर गवत उपटून टाकलं.

श्रावणात झड लागली. पाणी गाळातून खाली गेलं आणि थांबलं. खाली कडूबाची दबाई होती, तिच्यातून ते जाणार नव्हतं. वरून जमीन नुसती ओली दिसायची, पण पाय ठेवला की पचकन पाणी वर यायचं. आधी खालची पानं पिवळी पडली. मग शेंडे वाकले. कडूबाने चर खणले, पाणी बांधाकडे काढायला बघितलं. दिवसभर कमरेत वाकून खणायचा. चर मुरमाला लागले की तिथेच थांबायचे, आणि खालचं पाणी तसंच राहायचं.

एक रोप त्याने उपटून बघितलं. ते हिसका न देता हातात आलं. मुळी सरळ खाली गेली होती, मग टणक थराला लागून आडवी वळली होती आणि तशीच आडवी काही अंतर गेली होती. टोक काळं पडून कुजलं होतं. त्याने ते रोप रुखमाबाईला दाखवलं.

"जागा धुंडली तिनं," रुखमाबाई म्हणाली.

"हाव."

"भेटली नाही."

कडूबाने रोप बांधावर टाकलं. भागवतच्या वावरात तूर बरी होती. फार नाही, पण उभी होती. सरस्वतीबाईची पाळी राहून गेली होती. तिच्या वावरात काहीच नव्हतं. दसऱ्यापर्यंत कडूबाच्या वावरात काळ्या काड्या उरल्या.

दिवाळीला शिवम घरी आला. त्याने वावराचं नाव काढलं नाही. पुरणपोळी खाल्ली, आईशी बोलला. कडूबानेच विषय काढला.

"मशीन कधी आनतो?"

"तुमी म्हनान तवा."

"ठरलं ते ठरलं. उन्हाळ्यात आन."

"बाबा, अजून एक साल पाह्याचं असंन त..."

"नाही. म्या काम उलटं केलं. त्याले साल देऊन काय होते?"

"पन पाटा वेळेवर आला असता त..."

"आला नसता तरी थांबाले पाह्यजे होतं," कडूबा म्हणाला, आणि ताटावरून उठला.

उन्हाळ्यात तलाव आटला. बराचसा गाळ आदल्या वर्षीच निघाला होता. मधोमध उरला होता तो एका वावरापुरताही नीट नव्हता, आणि भागवतची जमीन फुटली होती म्हणून त्यातला अर्धा कडूबाच्या वाट्याचा होता. भागवत ट्रॉली भरून उभा राहिला आणि विचारायला कचरला. त्याने ट्रॅक्टर चालू ठेवला आणि कडूबाकडे बघत राहिला.

"काय पाह्यतो बे?" कडूबा म्हणाला. "बाईच्या वावरात ने सगळा. नांगर झाला का तिथला?"

"एक हात झाला."

"दुसरा मार. आडवा."

"डिझेल जाते ना कडूबाजी."

"जाऊ दे. आडवा मारल्याबिगर ट्रॉली खाली करू नको."

सरस्वतीबाई बांधावर होती. ती म्हणाली, "भाऊ, तुमचा वाटा मी कसा घेऊ? सावडीत असं बसत नाही."

"वावरच नाही माह्यं, त वाटा कशाचा?" कडूबा म्हणाला. मग फावडं उचलत म्हणाला, "बाई, मागच्या साली तुमी सांगतलं होतं."

ती पदराने तोंड पुसत राहिली. तिची जमीनही प्लांटच्या मधली होती. दोन हात नांगर मारूनही ढेकळं पांढरी निघत होती, आणि त्यात काय येईल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. भागवत म्हणाला, "निस्ती आस हाये हे." 

दुपारी मशीनचा टेम्पो आला. शिवमने बांधावरून हाक मारली, उतरवायला माणसं कमी आहेत. कडूबाने फावडं ठेवलं आणि गेला. मशीन जड होतं. त्याने दोराला कुठे गाठ मारायची ते दाखवलं, खाली फळ्या टाकल्या, आणि चौघांनी मिळून ते हळूहळू खाली घेतलं. एका बाजूला कललं तेव्हा त्याने सगळ्यांना थांबवलं आणि खालची फळी सरळ केली. मशीन बसलं. शिवमने त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बापाच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला.

कडूबाने तो खाल्ला. मग हात धोतराला पुसून तो सरस्वतीबाईच्या वावराकडे निघाला. अजून दोन ट्रॉल्यांचा गाळ पसरायचा राहिला होता, आणि ढिगाऱ्यात तसाच राहिला तर वाळून त्याचं ढेकूळ होतं.