वॉल्टरच्या वंशवृक्षातलं पाचवं बटण

इथे कोणी 'अनुभव' टाकला की खाली पहिली खवचट कमेंट माझी असते, हे जुन्या मेंबरांना माहीत आहे. "ॲसिडिटी झाली असेल", "चष्म्याचा नंबर तपासा"... हे सगळं मीच लिहिलंय. चाळीस वर्षं डेट्रॉइटच्या आसपास टूल डिझाइनमध्ये काढली. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मी पार्ट्यांमधून लोकांना ऐकवत आलो. आता माझीच पाळी आलीय, तेव्हा खुशाल हसा. भीती मला जेमतेम पाच मिनिटं वाटली. लाज मात्र दीड वर्ष झालं तरी जात नाही, आणि हे लिहितोय ते तिच्यापायी.

आम्ही राहतो नोव्हायला, मिशिगनमध्ये. मी आणि बायको नलिनी. मुलगा निखिल आणि सून एमिली पंधरा मिनिटांवर. एमिलीचे वडील वॉल्टर, म्हणजे माझे व्याही, त्यांच्याकडेच राहायचे. वय शहाऐंशी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि डोळे जवळजवळ गेलेले. उजेड-अंधार कळायचा, बस. उमेदीत ते डायमेकर होते. गाडीचे पत्रे ज्या साच्यात दाबतात, ते साचे घासून गुळगुळीत करायचं काम. असे कारागीर मी प्लांटमध्ये पाहिलेत. साच्यावरून बोट फिरवून सांगतात, "इथे केसभर उंच आहे." आम्ही गेज लावून मोजावं, तर खरंच केसभर उंच! त्यामुळे वॉल्टरच्या बोटांबद्दल मला पहिल्यापासून आदर होता.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी काढलाय. सहा वर्षं खपलो. नोव्हायमधून फोन, पत्रं, कुणाकुणाच्या जुन्या पत्रिका... प्रकाशनाला पुण्यात शाल-श्रीफळसुद्धा मिळालं. त्यात माझ्या एका आत्याच्या नावापुढे 'बालपणी निवर्तली' असं छापलंय. ती तेव्हा नागपुरात चांगली ठणठणीत होती. नवऱ्याला सोडून दुसऱ्याबरोबर राहिली होती, म्हणून वडीलधारे म्हणाले, गाळा. नुसतं गाळलं तर कुणी विचारेल, म्हणून मारूनच टाकली. ही शक्कल माझी. तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही.

तर या कुलवृत्तांताचं कौतुक एमिलीने वडिलांपाशी केलं, आणि एके दिवशी घरामागच्या पॅटिओवर चहा घेताना वॉल्टर म्हणाले, "वसंत, माझ्या पणजोबांचं बघशील का?"

पणजोबा जोसेफ. इंग्लंडातल्या लिंकनशरमधला शेतमजूर. एकोणिसाव्या शतकात बोटीने आला, मिशिगनमध्येच जंगल तोडून शेती केली, चार मुलं झाली. घरात कुजबुज अशी, की येताना तो एक मुलगी मागे सोडून आला होता. खरं-खोटं कुणाला माहीत नाही.

"आता कशाला ते उकरायचं?" मी म्हणालो.

वॉल्टरनी चाचपडत कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मलाही एमिलीच्या आधीची एक मुलगी आहे. कॅरल. ओहायोत असते. तिच्या आईला सोडलं तेव्हा कॅरल सात वर्षांची होती. मोठेपणी एकदा भेटायला आली, तर आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्याला वीस वर्षं झाली. रोज वाटतं फोन करावा... पण बोलायचं काय? जोसेफनेही हेच केलं असेल ना, तर निदान बोलायला सुरुवात मिळेल. सांगीन तिला, हे आपल्यात आधीपासून चालत आलंय, आणि मला ते मरायच्या आधी थांबवायचंय."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं हो त्या माणसाने! मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

मी कामाला लागलो. असल्या कामात मला तहानभूक लागत नाही. बोटीची प्रवासी यादी सापडली, जमिनीचा कागद सापडला, जनगणनेच्या पानावर चारही मुलं सापडली. मग तिकडच्या गावातल्या चर्चची जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चाळायला घेतली. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी लायब्ररीत बसलो असताना ती समोर आली. हॅना. बाप जोसेफ, मजूर. पुढच्याच वर्षी तिच्या आईचं दफन. त्यानंतरच्या जनगणनेत हॅना आठ वर्षांची, राहण्याचं ठिकाण वर्कहाउस, म्हणजे गावच्या निराधारांना ठेवायची जागा. आणि त्याआधीच निघालेल्या बोटीच्या यादीत जोसेफ एकटा. लग्न झालंय का, तर नाही.

मी खुर्चीत मागे रेललो. सापडली म्हणून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तो दोन मिनिटं टिकला.

कारण ऑक्टोबरमध्ये वॉल्टरचा वाढदिवस होता आणि हा वंशवृक्ष तेव्हा सगळ्यांसमोर मांडायचा होता. इथल्या मराठी मंडळातली सहा कुटुंबं मी स्वतः बोलावली होती. त्यांच्यासमोर सुनेच्या घराण्याचा मूळपुरुष पोटच्या पोरीला टाकून पळालेला निघणार? आणि मग ती कॅरल येणार, रडारड होणार... माझा सुबक वंशवृक्ष, त्याला हे असलं ठिगळ! मी मनाची समजूत घातली की म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा. वॉल्टरना फोन करून सांगितलं, "मुलगी वगैरे काही नाही. सगळं नीट तपासलं. चारच मुलं."

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"अगदी नक्की," मी म्हणालो.

वॉल्टरना चित्र दिसणार नाही, म्हणून नलिनीने एक भन्नाट गोष्ट केली. निळ्या जाड कापडावर वंशवृक्ष शिवला, बोटांनी वाचता येईल असा. प्रत्येक माणूस म्हणजे एक बटण, आणि नाती म्हणजे साखळी टाक्याच्या उठावदार रेघा. जोसेफला कोटाचं मोठं बटण, मुलांना शर्टाची चार. नावं मी लिहून दिली होती. हॅनाचं नाव मी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, वॉल्टर आमच्याकडे आले. दुपारचे सव्वादोन. आमचं डायनिंग टेबल दक्षिणेच्या खिडकीपाशी आहे, त्यावर लख्ख ऊन होतं. निखिल आतल्या खोलीत मॅच बघत होता. किचनमध्ये एमिली नलिनीकडून शिरा शिकत होती, रवा भाजल्याचा वास सुटला होता. हे सगळं सांगतोय कारण मी जागा होतो, उपाशी नव्हतो, आणि औषध ब्लडप्रेशरचं सोडून कसलं घेत नाही.

मी कापड त्यांच्यापुढे पसरलं. त्यांनी जोसेफचं बटण शोधलं, रेघेवरून बोट खाली आणलं आणि मोजायला लागले. "एक, दोन, तीन, चार, पाच."

"चार," मी म्हणालो.

त्यांनी परत मोजलं. "पाच आहेत, वसंत."

मी वाकून बघितलं. त्यांचं बोट पहिल्या बटणाच्याही डावीकडे होतं, नुसत्या कापडावर. तिथे काही नव्हतं. पण ते बोट तिथे गोल फिरत होतं... कडेकडेने, बटणाभोवती फिरावं तसंच.

"ही सगळ्यांच्या आधी आहे," ते म्हणाले. "लहान आहे."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझं बोट त्या जागी नेऊन ठेवलं. मऊ, सपाट कापड.

"डोळे मीट की! बघत बसलास तर काय कळणार?"

मी डोळे मिटले. बोटाखाली बटण होतं.

गार होतं. दोन भोकांचं. उजव्या कडेला टवका उडालेला, तो नखाला चक्क अडकला. मी डोळे उघडले, तर बोट निळ्या कापडावर. मिटले, बटण. पुन्हा उघडले, कापड. तीनदा केलं मी हे. मानेवरचे केस उभे राहिले होते, पण तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

तेवढ्यात वॉल्टर म्हणाले, "कडेला टवका उडालाय बघ. उजवीकडे. लागतोय ना?"

मी पुन्हा डोळे मिटले.

"मग? किती आहेत?"

आतून एमिलीच्या हसण्याचा आवाज येत होता. माझं बोट अजून तिथेच होतं, डोळे मिटलेलेच होते, बटण नखाखाली टोचत होतं. त्या क्षणी म्हणालो असतो, "पाच", तर सगळं सुटलं असतं. पण मग इतके दिवस खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं. व्याह्यांसमोर, सुनेसमोर.

"चार, वॉल्टर," मी म्हणालो. "कापडाला सुरकुती पडली असेल."

त्यांनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. "चार," ते म्हणाले. मग अगदी हळू, "म्हणजे आमच्या घरात असं करणारा मीच पहिला."

एमिलीने शिरा आणला. त्यांनी दोन चमचे खाल्ले, छान झालाय म्हणाले.

ती माणसं गेल्यावर मी कापड उलटंपालटं केलं, भिंग लावून बघितलं. त्या जागी सुईचं भोकसुद्धा नव्हतं. नलिनीच्या डब्यातली झाडून सगळी बटणं चार भोकांची निघाली. डोळे मिटून त्या जागी पन्नासदा तरी बोट ठेवलं, पण पुन्हा काही लागलं नाही. माझा एक न्यूरॉलॉजिस्ट मित्र म्हणतो, सजेशन, दुसरं काय! दुसऱ्याने सांगितलं की आपल्यालाही तसंच वाटतं. मान्य. पण टवका त्यांनी सांगायच्या आधी मला लागला होता... त्यावर तो म्हणाला, तुझी आठवण मागेपुढे होत असेल. नाही हो. ती पाच मिनिटं मला पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी वाढदिवसाला तोच चार मुलांचा वंशवृक्ष सगळ्यांसमोर मांडला. वॉल्टर अकरा दिवसांनी झोपेत गेले. कॅरलला त्यांनी फोन केला नव्हता. एमिलीने कळवलं तेव्हा ती अंत्यविधीला आली, सगळ्यात मागच्या रांगेत बसली आणि जेवणाला न थांबता निघून गेली. दारात तिने एमिलीला एवढंच विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलले का?" एमिलीला काय माहीत असणार? ती म्हणाली, "नाही." मी तीन फुटांवर हातात कोट घेऊन उभा होतो आणि तेव्हाही माझी जीभ उचलली नाही.

घरी येऊन नलिनीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या मुलीला कळवा. आणि बटणाच्या गोष्टीमागे लपू नका." मग निखिल-एमिलीलाही सांगितलं. एमिली चिडली नाही. "ओके, बाबा," म्हणाली आणि उठून गेली. अजूनही मला बाबाच म्हणते, पण पूर्वीसारखं हक्काने काही मागत नाही.

कॅरलला पत्र टाकलं. मार्चमध्ये ती आली. साठीची बाई, वॉल्टरसारखेच मोठे हात. त्याच टेबलाशी बसली. मी हॅनाचे कागद तिच्यापुढे ठेवले. पॅटिओवर वॉल्टर काय म्हणाले होते ते शब्दन् शब्द सांगितलं. मग बटणाचं सांगितलं, गार, दोन भोकांचं, टवका उडालेलं... कापड पसरून ती जागासुद्धा दाखवली. खरं सांगतो, मनात कुठेतरी वाटत होतं की हे ऐकून ती थक्क होईल, तिथे बोट ठेवून बघेल, आणि माझं बाकीचं विसरून जाईल.

तिने कापडाकडे पाहिलंही नाही.

"तुमच्या बोटाला पाच लागली होती?"

"हो."

"आणि त्यांनी तुम्हाला विचारलं, किती आहेत."

"हो."

"मग तुम्ही चार का म्हणालात?"

किचनच्या दारातून नलिनीही माझ्याकडे बघत होती. ते बटण कुठून आलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि मिळेल असं वाटत नाही. कॅरलच्या प्रश्नाचं उत्तर मात्र होतं, अगदी साधं, एका वाक्याचं. मी टेबलाकडे बघत राहिलो. ती थांबली, आणि मग तिने कागद पर्समध्ये ठेवले आणि कोट उचलला.