छत्रीवाली अस्वलीण

कार्टूनच्या स्टुडिओत त्यांना सगळे पेंटरबाई म्हणत. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायच्या ना, म्हणून. हात असा, की पेन्सिल टेकली की चित्र हसलंच पाहिजे. पण पसारा? अहो, विचारूच नका! कॉम्प्युटरवर एक डोळा एका लेयरवर, म्हणजे चित्राच्या एका थरावर, दुसरा भलतीकडेच, आणि नाव कशालाच नाही. कोणी बोललं की म्हणायच्या, "माझं मला सापडतं. तुमचं तुम्ही बघा."

या वेळी मात्र बाईंच्या जिवावर बेतलं. नव्या मालिकेसाठी त्यांनी एक अस्वलीण काढली होती. जाडजूड, एक हात कमरेवर, दुसऱ्यात छत्री. हुबेहूब त्यांची आत्या! आईमागे बाईंना वाढवणारी, छत्री उगारून अख्ख्या गल्लीला धाकात ठेवणारी. गेल्या वर्षी आत्या गेली, तेव्हापासून बाईंचा जीव त्या चित्रात अडकला होता.

सकाळी दिग्दर्शकाने अस्वलिणीची मान वळवून पाहिली. डोकं वळलं, डोळे मात्र जागच्या जागी हवेत लटकत राहिले. खोलीतल्या सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. दिग्दर्शक तेवढा हसला नाही.

"बाई, हिला हलवता हलवता आमचा जन्म जाईल. दुपारी चॅनलवाले येतायत. तोवर नीट हलली तर ठीक, नाहीतर हिला कथेतून काढतो."

"काढतो म्हणे! काढून तर बघा," असं पुटपुटत बाई कामाला भिडल्या.

लेयरला नावं दिली. डोळे, भुवया, नाक चेहऱ्याच्या ग्रुपमध्ये, चेहरा डोक्याच्या, डोकं धडाच्या. थोरला हलला की धाकट्यांनी निमूट मागे यायचं. सगळं मार्गी लागलं, पण छत्री काही ऐकेना. हाताच्या वर ठेवली की बोटं दांड्याखाली झाकली जात, खाली ठेवली की दांडा तळव्यामागे गडप. बाई अगदी रडकुंडीला आल्या. डोळे मिटून त्यांनी आत्याची मूठ आठवली. दांड्यामागे तळवा, वरून आवळलेली बोटं.

"अगं बाई, मधे!" त्या ओरडल्याच.

त्यांनी बोटं तळव्यापासून सुटी केली. खाली तळवा, मधे दांडा, वर बोटं, आणि तिघांना मिळून मनगटाचा एक ग्रुप.

दुपारी चॅनलवाल्यांसमोर दिग्दर्शकाने अस्वलिणीची मान वळवली. डोळे गुमान सोबत आले. मग मनगट ओढलं, आणि छत्री अशी सण्णकन उगारली गेली की चॅनलच्या मोठ्या मॅडम खुर्चीतच मागे सरकल्या. दुसऱ्या क्षणी त्या खळखळून हसत सुटल्या.

"अहो, हिला प्रत्येक भागात आणा!"

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंचे डोळे भरून आले, आणि छाती अशी फुगली की काही विचारू नका. दिग्दर्शक मात्र अजून मनगट ओढून पुन्हा पुन्हा छत्री उगारत बसला होता.

"पुरे झालं," बाई म्हणाल्या. "उठा माझ्या खुर्चीवरून. आत्याला आता चालायला शिकवायचंय मला."