वडिलांची काळी पाच

नव्या कंपनीचा स्टुडिओ चिखलीत, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत होता. भिंतींना फोम चिकटवला होता आणि पंखा बंद ठेवला होता, कारण पंख्याचा आवाज माइक पकडतो. वडील काचेपलीकडे उभे होते. मी अलीकडे, कंपनीच्या मालकाशेजारी बसले होते. मालक तिशीतला. आधी तो लग्नांना आणि जयंतीला डीजे लावायचा. मग त्याने यूट्यूबवर भीमगीतांचं चॅनल काढलं. चॅनल चालायला लागल्यावर तो त्याला कंपनी म्हणू लागला.

वडिलांनी पहिलं गाणं काळी पाचमध्ये उचललं. पेटीवरची ही पट्टी उंच असते. बाया तिच्यात सहज गातात, पुरुषांना ती क्वचित झेपते. वडिलांची ओळख त्या पट्टीवर उभी होती. कॅसेटच्या काळात घाटावर आणि घाटाखाली, दोन्हीकडे, त्यांना "काळी पाचवाले शाहीर" म्हणत. स्टुडिओत दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. त्यांनी पाणी प्यायलं, पुन्हा उचललं, पुन्हा तिथेच फाटला. चार-पाचदा असं झाल्यावर मालकाने हेडफोन गळ्यात उतरवले आणि माइकचं बटण दाबून सांगितलं, "काका, आवाज खाली आला तुमचा. खालीच गाऊन घ्या. मी मशीनवर चढवून देतो. कोणाले समजत नाही."

वडिलांनी काचेतून आमच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आवाज माहाच राहीन ना?"

"तुमचाच राहीन. फक्त चढवलेला."

अल्बमची सगळी गाणी त्यांनी काळी तीनमध्ये गायली. त्या पट्टीत त्यांचा आवाज बरा होता. थोडा खरखरीत, पण शब्द स्वच्छ आणि श्वास नीट. मालकाने ती गाणी आमच्यासमोरच दोन काळ्या पट्ट्या वर सरकवली, खाली तयार ताल टाकला, मागे कोरस म्हणून वडिलांचाच आवाज तीनदा चिकटवला. ऐकायला तो तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाचा आवाज वाटत होता. नाकातून आल्यासारखा, पण न थकणारा. वडिलांनी डोळे मिटून तो ऐकला आणि मालकाच्या पाठीवर थाप मारली.

हा अल्बम त्यांना का हवा होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कॅसेट बंद पडल्या तशी त्यांच्या कॅसेट काढणारी जुनी कंपनीही बंद पडली. कार्यक्रम कमी होत होत थांबले. गावातल्या शाळेत शिपाई म्हणून त्यांची नोकरी होती, ती करून ते निवृत्त झाले. साखरखेर्ड्याच्या बाजारात नवी पोरं त्यांना ओळखत नव्हती, त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. त्यांना एकाच बाईने ऐकायला हवं होतं.

ही बाई घाटाखालची, वडनेर भोलजीची. वडिलांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. गाण्याच्या सामन्यात दोन गायन पार्ट्या समोरासमोर बसतात, एकाने गाण्यातून टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच परतवायचा. वडिलांची पार्टी आणि बाईंची पार्टी ही जोडी कितीतरी वर्षं गावोगाव बोलावली जात होती. सामन्याचा एक नियम आहे. सुरू करणारी पार्टी पट्टी ठरवते आणि दुसऱ्या पार्टीला त्याच पट्टीत उत्तर द्यावं लागतं. जमत नसेल तर माइकवर सांगायचं, पट्टी उतरवा. समोरच्याने उतरवली तर गाणं पुढे चालतं, पण मागणाऱ्याची ती हार धरली जाते. न उतरवण्याचाही समोरच्याला हक्क असतो.

बाईंनी एकदा पट्टी उतरवून मागितली होती. बाळंत होऊन त्या नुकत्याच उठल्या होत्या आणि तान्हं बाळ मागे कोरसमधल्या बाईच्या मांडीवर होतं. सुपारी आधीच घेतलेली असल्याने त्या आल्या होत्या. काळी पाचमध्ये दोन गाणी झाल्यावर त्यांनी माइकवर पट्टी उतरवायला सांगितली. वडील म्हणाले की बाळाला झोप लागू नये म्हणून पट्टी वरच ठेवू. मांडव हसला. बाईंनी तिसरं गाणं त्याच पट्टीत ओढत नेलं आणि मध्येच उठून गेल्या. त्यानंतर जोडी फुटली. वडील हा किस्सा पाहुण्यांना सांगायचे, बाईंच्या उठून जाण्याची नक्कलही करायचे. आई त्या वेळी खोलीत थांबत नसे.

अल्बम चॅनलवर आला तेव्हा मी बुलढाण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते, शनिवार-रविवार घरी यायचे. पहिल्या आठवड्यात वडील गाणं ऐकताना मशीनचा उल्लेख करायचे, मालकाने कसं छान चढवलं वगैरे. मग तो उल्लेख कमी झाला. महिन्याभराने ते शेजाऱ्याला सांगताना मी ऐकलं, की या वयातही काळी पाच लागते, स्टुडिओत लोक थक्क झाले. सकाळी अंगणात खुर्ची टाकून ते फोनवर स्वतःला ऐकायचे आणि ओठांनी साथ द्यायचे, आवाज न काढता.

एका सकाळी आई तिथेच तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "हा कोण पोरगा गाऊन राह्यला?"

"कोण म्हंजे? मी."

"तुमी नाही," आई म्हणाली. "तुमचा आवाज मी रोज ऐकते. खोकता तेव्हाचाबी ऐकते."

वडिलांनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद केलं. चहा हवा असेल तर ते मला सांगायचे, मी घरी नसेन तर भिंतीकडे पाहून म्हणायचे. चहा वेळेवर येत राहिला.

अल्बमचा समारंभ सामना लावून करायचा, ही कल्पना वडिलांची. मालकाला ती लगेच पटली. जुनी जोडी पुन्हा समोरासमोर, व्हिडिओ चालेल असा त्याचा हिशेब होता. बाईंना फोन मी केला. येतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की शाहीर गाणार आहेत ना. मी हो म्हणाले. बॅनर मालकाने छापून आणला, त्यावर वडिलांचा कॅसेटवरचा जुना फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: तोच आवाज, तीच पट्टी.

कार्यक्रम विहारासमोरच्या पटांगणात, उन्हं उतरल्यावर सुरू झाला. बाई गाडीतून उतरल्या. गाडी त्यांचा मुलगा चालवत होता. आईने त्या दोघांना आधी घरात नेलं, पाणी दिलं आणि मुलाला नोकरी कुठे म्हणून विचारलं. तो बँकेत होता. जोडी फुटली त्या सामन्याच्या वेळी त्याला जन्मून किती दिवस झाले होते, हे आईने विचारलं नाही. ते तिला माहीतच होतं.

स्टेजवर बसण्याआधी बाई वडिलांच्या पाया पडल्या. मोठ्या माणसाच्या पडतात तशाच. मग त्यांनी विचारलं, "शाहीर, पट्टी कोणती धरू?"

वडिलांनी बॅनरकडे बोट केलं.

बाईंनी वंदना घेतली आणि पहिलं गाणं काळी पाचमध्ये उचललं. साठीच्या बाईचा आवाज, पण तो जिथे जायचा तिथे गेला, आणि परतताना जागेवर आला. त्यांच्या गाण्यात टोमणा नव्हता, साधं बुद्धगीत होतं. लोकांनी टाळ्या दिल्या. उत्तर वडिलांनी द्यायचं होतं. मागे त्यांची जुनी पार्टी बसली होती. ढोलकीवाले, पेटीवाले आणि कोरसचे दोघे, सगळे सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी अल्बम फक्त फोनवर ऐकला होता आणि त्यांना तो खरा वाटला होता. पेटीवाल्यांनी आनंदाने काळी पाच दाबली.

पहिली ओळ गेली. दुसरीला, स्टुडिओत जिथे फाटला होता तिथेच आवाज फाटला. वडील खोकले. पुन्हा उचलली, आणि या वेळी आवाज फाटलाही नाही, आलाच नाही. ढोलकी दोन आवर्तनं एकटी वाजत राहिली. पुढच्या रांगेतल्या पोरांनी फोन वर केले.

वडिलांनी माइकवर फक्त दोन शब्द म्हणायचे होते, पट्टी उतरवा. ते म्हणाले असते तर काळी तीनमध्ये ते रात्रभर गाऊ शकले असते. मी स्टेजच्या बाजूला उभी होते. त्यांनी माइक तोंडापाशी नुसता धरून ठेवला होता.

मग बाईंनी स्वतःचा माइक उचलला. "मंडळी," त्या म्हणाल्या, "आमचे शाहीर आता थकले. वय कोणाले चुकलं नाही. मोठ्या माणसाले आपून तरास देऊ नये. पेटीवाले भाऊ, पट्टी उतरवा. लय खाली उतरवा. मी बी त्यायच्यासंग खालीच गाते."

न मागता पट्टी उतरवलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. नियमात तशी तरतूद नाही. लोकांना बाईंचं मन मोठं वाटलं. एक म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात जोडले. टाळ्या बाईंच्या पहिल्या गाण्यापेक्षा जास्त वाजल्या. पेटीवाल्यांनी भाता हलवत वडिलांकडे पाहिलं, कोणती पट्टी म्हणून. बाईही पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि ती खोटी आहे असं कोणी म्हणू शकलं नसतं.

वडिलांनी पेटीकडे पाठ केली. मिक्सरजवळ मालक लॅपटॉप उघडून बसला होता. त्यांनी त्याला बोट वर करून खूण केली, पूर्वी ढोलकीवाल्यांना करायचे तशी. मालकाला कळायला क्षणभर लागला. मग ट्रॅक सुरू झाला.

तेच गाणं, दुसऱ्या ओळीवरून थेट वर, न थकणारं. वडिलांनी माइक ओठांना लावला आणि तोंड हलवलं. त्यात ते चुकले नाहीत, सकाळच्या अंगणातली सवय होती. मांडव उठला. पोरं नाचायला लागली. मागे पार्टीची पंचाईत झाली. ट्रॅकचा ताल वेगळा होता, ढोलकी त्यात बसेना. ढोलकीवाल्यांनी थोडा वेळ प्रयत्न केला, मग हात मांडीवर ठेवले. कोरसच्या दोघांनी टाळ्या चालू ठेवल्या, पण आवाज न करता, तळवे एकमेकांना न लावता. बाई हनुवटी हातावर टेकून पूर्ण गाणं ऐकत बसल्या.

गाणं संपल्यावर त्या उठल्या. स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि वडिलांच्या गळ्यात घातला. सामन्यात हरलेला घालतो तसा. माइकवर दोनच शब्द बोलल्या, "मी हरली." आयोजकांनी ढाल आणली. ती वडिलांनी घेतली आणि डोक्यावर धरली.

जेवण आमच्याकडे होतं. बाईंनी पिठलं-भाकर मागून घेतली, आईशी गुडघ्यांबद्दल बोलल्या, वडिलांशी अदबीने वागल्या, सामन्याचा विषय काढला नाही. वडिलांनीच काढला. कसं झालं म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "तुमी दीड ओळ गायले शाहीर. तेवढं मी ऐकलं." आणि आईकडे वळून अजून अर्धी भाकर मागितली. त्यांचा मुलगा हात धुवायला उठला. निघताना त्या पुन्हा वडिलांच्या पाया पडल्या.

मालकाने व्हिडिओ टाकला तेव्हा त्यात फाटलेली ओळ नव्हती, पट्टी उतरवण्याचं बोलणंही नव्हतं. बाईंचं गाणं, लगेच वडिलांचं गाणं, मग हार. व्हिडिओ चालला. शेगाव, खामगाव, जालन्याकडून बोलावणी आली. सगळ्यांना ते एकच गाणं हवं होतं. मालकाने सांगितलं की पार्टी आणायची गरज नाही, गाण्याचा पेनड्राइव्ह पुरेल, ट्रॅकला ढोलकी आडवी येते. वडिलांनी ढोलकीवाल्यांना ते आमच्या दारातच सांगितलं. चाळीसेक वर्षांची सोबत होती. ढोलकीवाले म्हणाले, बरं. पाणीही न घेता निघून गेले. पेटीवाल्यांना सांगायला वडील गेले नाहीत, मला पाठवलं. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि विचारलं की काळी तीनमध्ये गायला काय हरकत होती. मी घरी येऊन हा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. वडील म्हणाले की त्याला गाण्यातलं काय कळतं.

ते आता घरात गात नाहीत. पूर्वी आंघोळ करताना, बैलाला पाणी दाखवताना काहीतरी चालू असायचं. कार्यक्रमाच्या दिवशी बोलतातही कमी, घसा जपतात.

गेल्या महिन्यात मालकाला पुन्हा सामना हवा होता. बाईंना वडिलांनी स्वतः फोन लावला, स्पीकरवर टाकून, आम्ही ऐकावं म्हणून. तारीख, गाव, गाडीची सोय, सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"हाव, चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "पण मी काऊन येऊ शाहीर? तुमचा पेनड्राइव्ह येते तं माहा बी पाठवून देते. दोघायचा लावा सामना. आपून घरी बसून ऐकू."

वडिलांनी विचारलं, म्हणजे येणार नाही का. फोन बंद झाला होता. त्यांनी तो खिशात ठेवला.

"घाबरली," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी ते आईकडे पाहून बोलत होते.

आईने मान डोलावली. मग त्यांनी तिला इस्त्रीचा काळा कोट काढून ठेवायला सांगितला. रविवारी शेगावकडे कार्यक्रम होता, आणि तिथे माइकची वायर मशीनला जोडणारही नव्हते, माइक नुसता हातात देणार होते.